छत्तिसावे दालन आणि वारंगा फाट्यावरचे प्रेक्षक

१

मराठी चित्रपटसमीक्षेने सत्यजित राय अभ्यासले, कुरोसावा अभ्यासला, फेलिनी अभ्यासला. फिल्म सोसायट्यांतून त्यांच्यावर चर्चा झडल्या, टिपणे निघाली. परंतु हाँगकाँगच्या ज्या कुंग-फू चित्रपटांना गावकुसाबाहेरच्या पोरांनी, हॉटेलात कपबश्या विसळणाऱ्यांनी, हमालांनी आणि ट्रकच्या क्लीनरांनी जीव लावला, त्यांच्याविषयी या समीक्षेजवळ एकच शब्द होता : 'मारधाड'. हा शब्द उच्चारला की विचार करण्याची जबाबदारी संपत असे. दलित साहित्यालाही आरंभी असाच एक शब्द चिकटवण्यात आला होता : 'प्रचारकी'. म्हणून शोषित माणूस एखादी कलाकृती पुन्हा पुन्हा का पाहतो, तिच्यात स्वतःचे काय शोधतो, हा प्रश्न निदान आपल्या समीक्षेने तरी टाळता कामा नये. अभिरुचीच्या नावाखाली जी वेस बांधली जाते, तिच्या आतबाहेर कोण उभे आहे हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

या लेखात मी एका चित्रपटाचा आणि तो पाहणाऱ्या काही माणसांचा विचार करणार आहे. चित्रपट आहे 'द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन', म्हणजे शाओलिनचे छत्तिसावे दालन. शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या चित्रसंस्थेने तो १९७८ साली काढला. दिग्दर्शक लाऊ कार-ल्युंग, नायक गॉर्डन ल्यू. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. दिग्दर्शक स्वतः युद्धकलेच्या परंपरेतला होता. त्याची विद्या वडिलांकडून आलेली, वडिलांचा गुरू लाम साई-विंग, आणि त्याचा गुरू दक्षिण चीनचा प्रसिद्ध वस्ताद वोंग फेई-हुंग. हे सांगण्याचे कारण एवढेच की शिकणे म्हणजे काय, हे या दिग्दर्शकाच्या अंगाला माहीत होते. ते चित्रपटात दिसते.

प्रेक्षक आहेत वारंगा फाट्यावरचे. नांदेड-हिंगोली रस्ता आणि नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. कळमनुरी तालुक्यातले हे ठिकाण. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा इथे नांदेडला टेकतो. फाटा म्हणजे थांबा. एसटीची वाट पाहणारे, खिचडीची प्लेट संपवून पुन्हा स्टेअरिंगवर बसणारे, हळदीच्या आणि उसाच्या कामाला निघालेले असे सगळे इथे घटकाभर थांबतात आणि जातात. जे जात नाहीत ते फाट्यालगतच्या वस्त्यांतून राहतात. अशाच एका वस्तीतल्या समाजमंदिरात, भिंतीवर पांढरी चादर ताणून, आम्ही हा चित्रपट पाहिला. तीस-पस्तीस माणसे असतील. प्रत इंग्रजी आवाजातली होती. मी मधून मधून मराठीत अर्थ सांगत होतो. पहिल्या अर्ध्या तासानंतर त्याची फारशी गरज उरली नाही. चित्रपट संपल्यावर जी चर्चा झाली, ती मला पुष्कळशा चर्चासत्रांहून मोलाची वाटते.

२

कथानक थोडक्यात असे. चीनवर मांचू राजवटीचा अंमल आहे. ल्यू यू-ते हा माशांच्या व्यापाऱ्याचा विद्यार्थी मुलगा, त्याचे शिक्षक बंडात सामील आहेत. सरदार तिएन ता बंड चिरडतो; शिक्षक, घरचे, सोबती मारले जातात. जखमी मुलगा कसाबसा शाओलिनच्या बौद्ध मठात पोचतो. बाहेरच्याला ठेवावे की नाही यावर मठात वाद होतो. अखेर त्याला ठेवतात, 'सान ते' हे नाव देतात, आणि त्याच्या हाती झाडू येतो. कितीतरी दिवस झाडलोट केल्यावर तो विचारतो, मला विद्या केव्हा शिकवणार? तेव्हा त्याला कळते की मठात पस्तीस दालने आहेत, प्रत्येक दालनात एक विद्या आहे, आणि कुठून सुरुवात करायची ते त्यानेच सांगायचे आहे.

तो तरुण आहे, उतावीळ आहे. तो सर्वांत वरचे दालन मागतो. तिथे वृद्ध भिक्खू सूत्रपठण करीत बसलेले असतात. त्याला अवाक्षर कळत नाही आणि त्यांच्या नुसत्या सामर्थ्याने तो बाहेर फेकला जातो. मग तो मुकाट्याने सर्वांत खालच्या दालनाशी येतो. जेवणघराकडे जायचे तर पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवर पाय देऊन पलीकडे जावे लागते. जो पडेल तो भिजेल. पुढे दोन्ही हात आडवे ताठ धरून पाण्याच्या बादल्या चढणीवर न्यायच्या. दंडांना आतून पाती बांधलेली, हात खाली आला की बरगडीत रुतणार. मग लांब काठीच्या टोकाला वजन लावून नुसत्या मनगटाच्या बळावर घंटा वाजवायची. मग मान न हलवता हलत्या ज्योतीमागे डोळे फिरवायचे. मग टांगलेल्या वाळूच्या पोत्यांना डोक्याने धडका देत पुढे सरकायचे. जवळजवळ दोन तासांच्या चित्रपटाचा मोठा मधला भाग हा असा आहे. त्यात शत्रू नाही, गाणे नाही, प्रेम नाही. एक माणूस शिकतो आहे, एवढेच आहे.

ब्रूस लीचे चित्रपट आपल्याकडे अधिक गाजले, त्याची तसबीर सलूनात लागली. १९७२ च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'त शांघायच्या बागेच्या दारावर कुत्र्यांना आणि चिनी माणसांना मज्जाव करणारी पाटी आहे, ती तो लाथेने फोडतो. त्या दारावर त्याला अडवणारा पहारेकरी पगडीवाला हिंदी माणूस आहे, हेही लक्षात ठेवण्यासारखे. साहेबाच्या दाराशी गुलामाला अडवायला दुसरा गुलाम उभा केला जातो. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर जे घडले ते ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना पाटी फुटण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परंतु ब्रूस ली पडद्यावर येतो तोच तयार होऊन. तो कसा तयार झाला हे दिसत नाही. सान ते आपल्या डोळ्यांदेखत तयार होतो, आणि आरंभी तो आपल्याइतकाच कच्चा असतो. वारंग्याच्या प्रेक्षकांनी नेमके हेच पकडले.

३

चित्रपट संपताच पहिला बोलला तो पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा. "सर, हे तर आमचंच हाय. आमी पहाटं चारला उठून याच रोडनं पळताव." सोळाशे मीटर धावणे, शंभर मीटर, गोळाफेक : ही त्याची दालने. त्याच्यासोबतची चार-पाच मुले माना हलवीत होती. त्यांना लढाईचे प्रसंग आवडले होतेच, पण ते पुन्हा लावायला सांगत होते तो प्रसंग बादल्यांचा.

असे का? १९२० साली ३१ जानेवारीला निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. शाओलिनच्या मठातही वरखाली दालने आहेत. पण तिथे शिडी आहे. सर्वांत वरच्या दालनातून सान ते फेकला जातो तो त्याच्या जन्मामुळे नव्हे, त्याची तयारी नाही म्हणून. आणि खालून सुरुवात केली तर त्याला तिथवर जाता येते. आपल्याकडे वेद कानी पडले तर शूद्राच्या कानात तापलेला रस ओतावा असे धर्मसूत्र सांगते. तिथे, समजत नसेल तर खालून ये, असे सांगतात. या दोन वाक्यांमध्ये एका संस्कृतीचे अंतर आहे. पहाटे हायवेवर धावणाऱ्या मुलाला उतरंड नवी नाही. तो तिच्या तळाशीच जन्मला. ज्या उतरंडीत घाम गाळला की वर जाता येते, अशी उतरंड त्याने पडद्यावर पाहिली. त्याचा आनंद हा त्या शिडीचा आनंद आहे.

पण याच प्रसंगावर दुसरे मत आले, आणि ते अधिक टोकदार होते. साठी ओलांडलेली एक बाई म्हणाली, "तीन घागरी डोक्यावर अन् लेकरू काखेत घिऊन आमी उभी हयात काढली. आमाला तर कोनी कोन्त्या खोलीतून पास केलं नाई." सभेत हशा पिकला. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. पाणी वाहणे हे सान तेसाठी साधन आहे, या बाईसाठी ते आयुष्य आहे. त्याच्या बादलीमागे एक आचार्य उभा आहे, तो पाहतो, मोजतो आणि एके दिवशी म्हणतो, झाले, पुढच्या दालनात जा. तिच्या घागरीमागे कोणी उभे नव्हते. श्रम दोघांचेही. पण एकाचे श्रम विद्या होतात आणि दुसरीचे श्रम नुसते झिजवतात. श्रमाची विद्या कोणाच्या बाबतीत होते आणि कोणाच्या बाबतीत होत नाही, हा जातिव्यवस्थेचा मुळातला प्रश्न आहे. चांभाराचे, मांगाचे, सुताराचे, हळद शिजवणाऱ्याचे, कोयता चालवणाऱ्याचे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले आहेत. त्या तयारीला आपल्या देशाने कधी शास्त्र म्हटले नाही. चित्रपटात एकही महत्त्वाचे स्त्रीपात्र नाही, हेही या बाईने न बोलता दाखवून दिले.

हॉटेलात काम करणारा एक पोरगा मागे दाराशी बसला होता. तो म्हणाला, "त्यो बी आदी झाडूच मारीत व्हता की. मंग मला बी कोनी इचारावं ना, कोन्ती खोली पायजे म्हून." या मतावर भाष्य करण्याची मला गरज वाटत नाही.

४

खरा वाद पेटला तो वेगळ्याच मुद्द्यावर. दर पौर्णिमेला वंदना घेणारे एक वयस्क उपासक अस्वस्थ होते. "गुरुजी, चीवर आंगावर आसताना लाथ कशी काय मारावी? बुद्धाच्या धम्मात हे बसतं का?" भरतीची मुले खवळली. कोणी म्हणाले, मार खात बसायचे काय? कोणी म्हणाले, शाओलिनला विद्या नेली ती आपल्याच बोधिधर्माने.

या शेवटच्या विधानाचा आधी निकाल लावू. शाओलिन मठ इसवी सन ४९५ मध्ये उत्तर वेई राजवटीत बातुओ या भारतीय भिक्खूसाठी उभारला गेला, असे चिनी परंपरा सांगते. बोधिधर्माने तिथे युद्धकला शिकवली ही कथा मात्र फार नंतरची आहे, आणि अभ्यासक ती इतिहास म्हणून स्वीकारत नाहीत. आपल्याला अशा उसन्या अभिमानाची गरजही नाही.

उपासकांचा प्रश्न मात्र खरा आहे. १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा केली आहे. बुद्धाची अहिंसा हा आंधळेपणाने पाळायचा नियम नसून ते तत्त्व आहे, आणि मारण्याची हाव व मारण्याची गरज यांत फरक केला पाहिजे, अशी त्यांची मांडणी आहे. या कसोटीवर चित्रपट पाहिला तर काय दिसते? मठात शिकवली जाते ती संयमाची विद्या. सान तेला द्वेष शिकवणारे एकही दालन नाही. पण शेवटी चित्रपट त्याला सरदाराशी एकट्याने भिडवतो, तीन तुकड्यांच्या जोडकाठीने त्याचा अंत करवतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. इथे चित्रपट सोपा होतो. राजवट ही एका माणसात साठवली आणि तो माणूस मेला की न्याय झाला, हा हिशोब आमच्या अनुभवाला पटत नाही. शिवाय त्याचा शत्रू परका आहे, मांचू आहे. आमचा शत्रू परक्या मुलखातून आला नाही. तो त्याच गावचा, त्याच शिवेतला. तेव्हा उपासकांचा आक्षेप मी लाथेपुरता नव्हे, तर या सुडाच्या सोप्या हिशोबापुरता मान्य करतो.

५

आता छत्तिसाव्या दालनाकडे वळू. पस्तीस दालने पार केल्यावर सान तेला मान मिळतो. कोणत्याही एका दालनाचा प्रमुख हो, असे त्याला सांगितले जाते. तो म्हणतो, मला नवे दालन हवे, मठाबाहेरच्या साध्या माणसांना ही विद्या शिकवण्यासाठी. मठ ते मान्य करीत नाही. शिक्षा म्हणून त्याला देणग्या गोळा करायला बाहेर पाठवले जाते. बाहेर तो कष्टकरी तरुण जमवतो आणि अखेरीस त्यांना शिकवताना दिसतो. काही जण म्हणतील की ही शिक्षा म्हणजे महंतांची छुपी संमतीच होती. असेल. पण संस्था दप्तरी नकार ठेवतात आणि काम कोणीतरी एकट्याने अंगावर घेऊन करायचे असते, हा अनुभवही आपल्या ओळखीचा आहे.

या ठिकाणी एक म्हातारबा बोलले. औंढा नागनाथ आमच्याच जिल्ह्यात. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरले, ही कथा इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. म्हातारबा म्हणाले, "नामदेवासाठी देऊळ फिरलं म्हन्तेत. फिरलं आसंल. पर चोखोबासाठी दार उघडलं का?" छत्तिसाव्या दालनाची याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही. चमत्काराने देऊळ फिरते, दार उघडत नाही. दार उघडण्यासाठी आतल्या माणसाला बाहेर यावे लागते.

असे दालन महाराष्ट्रात पडद्यावर नव्हे, प्रत्यक्षात उघडले गेले आहे. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. जातीने मांग, पण दांडपट्टा आणि निशाणबाजीतले उस्ताद. जोतीराव फुले त्यांच्याकडे शिकले. म्हणजे आपल्याकडे तळच्या मजल्यावरच्या माणसाने आधी आपली विद्या दुसऱ्यांसाठी खुली केली. त्याच जोतीरावांनी सावित्रीबाईंना सोबत घेऊन १८४८ साली मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, आणि त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'तल्या निबंधातून धर्मालाच जाब विचारला. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. ते मराठवाड्यातल्या आमच्या लोकांचे छत्तिसावे दालन होते.

आणि दालन उघडले की काय होते, हेही मराठवाड्याने पाहिले. हा चित्रपट हाँगकाँगमध्ये पडद्यावर आला त्याच वर्षी, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. त्यानंतर गावोगाव घरे जळली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. दारावरच्या एका नावासाठी जवळजवळ सोळा वर्षे. मांचू सरदार पडला की चित्रपट संपतो. आपला लढा कोणा एका सरदाराशी नव्हता.

६

सातासमुद्रापलीकडेही हा चित्रपट अशाच माणसांनी उचलून धरला. अमेरिकेत तो 'मास्टर किलर' या नावाने दाखवला गेला. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या काळ्या पोरांनी तो पाहिला, आणि १९९३ मध्ये वू-टँग क्लॅन या त्यांच्या गायकवृंदाने आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच 'थर्टीसिक्स चेंबर्स' हे शब्द घेतले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती काळ्या पँथरांकडे पाहत. शोषितांचे आकलन सरहद्दी ओलांडून एकमेकांना भेटते, त्याला भाषांतराची वाट पाहावी लागत नाही.

माझा निष्कर्ष असा. फाट्यावरचे तरुण या चित्रपटातली पस्तीस दालने पाहतात, आणि त्यांनी ती पाहावीत. भरतीच्या मैदानावर घाम गाळणे हे त्यांच्यासाठी भाकरीचे आणि मानाचे काम आहे. परंतु चित्रपटाचे मूल्य पस्तीस दालनांत नाही. पस्तीस दालने पार केलेले आणखीही भिक्खू त्या मठात होते. ते आपापल्या दालनाचे प्रमुख होऊन सुखाने राहिले. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढला नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्ऱ्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती याच भिक्खूंविषयी होती. नोकरी लागली, शहरात सदनिका झाली, मुले इंग्रजी शाळेत गेली, आणि गावाकडच्या समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते हे विचारायचे राहून गेले, असा मोठा वर्ग आज आपल्यात आहे. एकेक दालन चढताना त्याला जे कष्ट पडले ते खोटे नाहीत. पण त्या कष्टांचा हिशोब त्याला बाहेरच्या माणसांपुढे मांडावा लागेल.

फाट्यालगतच्या त्या समाजमंदिराला चार भिंती आहेत, वीज आहे, एक कपाट आहे. कपाटात पुस्तके नाहीत. भरतीची मुले मैदानी परीक्षेची तयारी एकमेकांच्या आधाराने करतात. लेखी परीक्षेसाठी त्यांना नांदेडच्या शिकवणीवर्गाची फी परवडत नाही. याच पट्ट्यातून शिकून वर गेलेली माणसे या रस्त्याने सणावाराला गाडीने जातात, फाट्यावर थांबतात, खिचडी खातात. त्यांनी आठवड्यातून दोन तास आत येऊन बसायचे ठरवले, तर तिथे काय काय उघडता येईल याची यादी मुलांनी त्याच रात्री मला करून दिली. तीत गणित आहे, इंग्रजी आहे, चालू घडामोडी आहेत. आणि शेवटी, हॉटेलातल्या त्या पोराने सांगितल्यावरून लिहिलेले, सही करायला शिकवणे आहे.